मुदतवाढ

हँगरच्या दारात उभं राहिलं
की बिजासनची टेकडी दिसते,
आणि टेकडीवर नवस बोलणाऱ्यांना बहुधा आम्ही.
आत ते उभं असतं, नऊ आसनांचं, सरकारी,
माझ्या मुलीहून चार वर्षांनी मोठं.
मुलगी पुण्याला असते, तिला तिचं घर आहे.
याला मी आहे.

नवं येणार आहे.
हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं
तेव्हा छावणीत आम्ही भाड्याने राहत होतो
आणि माझे केस काळे होते, स्वतःचे.

पहिल्या निविदेला एकच जण आला.
एकच आला म्हणून रद्द.
दुसऱ्या खेपेला तिघे,
त्यांतला सगळ्यात स्वस्त तो
ज्याच्याकडे विमान नव्हतं, नुसतं पत्र होतं.
मग निवडणूक.
मग टंचाईचं साल, आणि टंचाईत विमान घेऊन
पेपरात फोटो कोण छापून घेणार?
मग सुकाळ. सुकाळात कोणाला आठवण?
विरोधात असताना ज्यांनी याला ‘उडता महाल’ म्हटलं
ते निवडून आल्यावर याच महालात बसले,
फाटक्या शिवणीवर हात ठेवून,
भोपाळ येईपर्यंत गप्प.

चतुर्वेदी साहेबांचा फोन येतो :
‘बोंद्रे जी, एक साल और खींच लो।’
खींच लो.
वर्ष म्हणजे जसं काही रबर.
साहेब, सगळ्यात आधी रबरच जातं.
दाराभोवतीची पट्टी विरली
तेव्हा कंपनीला लिहिलं. उत्तर आलं :
हा भाग आम्ही आता बनवत नाही.
आपल्या निष्ठेबद्दल आभार.

शेवटी ब्राझीलमध्ये मोडीत निघालेल्या
याच्या एका भावाचं अख्खं दारच मागवलं.
ते सात आठवडे कस्टमच्या गोदामात पडून,
कारण कागदावर नुसतं ‘दार’ लिहिलेलं
आणि घराच्या दाराला कर वेगळा.

उड्डाण झालं की मी मोजतो.
दोनशेपर्यंत. मग चहा.
गेल्या कार्तिकात एकशे चाळीसला आवाज बदलला.
बदलला म्हणजे काय, विचारतो रेहान, नवा पोरगा,
वही उघडून बसलेला.
काय सांगू?
बायको हाक मारते आणि बायको हाक मारते
यांत फरक असतो, तो तुझ्या वहीत कसा लिहू?

परत आलं. नीट उतरलं.
मंत्री जिन्यावरून खाली आले,
घाम पुसून हसले, म्हणाले, बाय रोड जाऊ.
चौतीस गाड्या आल्या. देवासच्या रस्त्यावर
दुधाच्या टेंपोंना दीड तास थांबवून ठेवलं.
त्यानंतर फाइल अकरा दिवस चालली,
खरंच चालली, टेबलावरून टेबलावर,
मी फोनवर तिची पावलं ऐकत होतो.
बाराव्या दिवशी कोणाची तरी बदली झाली.

मी साठीला निवृत्त झालो. हार, श्रीफळ, घड्याळ.
सोमवारी परत कामावर.
जोवर ते आहे तोवर बोंद्रे,
असा काहीसा मजकूर आहे आदेशात,
कंत्राटी, दर सहा महिन्यांनी नवा.
आम्हा दोघांची तपासणी एकाच आठवड्यात असते :
त्याचं इंजिन, माझं रक्त.
दोन्ही अहवालांत शेरा तोच,
वापरण्यास योग्य, लक्ष ठेवावे.

परवा मंजुरी आली.
खरी. शिक्क्याची. मोजून बावीस सह्यांची.
रेहानने बाहेरून पेढे आणले.
मी पान चौदा उघडलं, मॉडेल बघितलं,
पेढा हातात धरूनच कंपनीला विचारलं.
या वेळी उत्तर तासाभरात आलं,
अक्षरं ओळखीची :
हा प्रकार आम्ही आता बनवत नाही.
आपल्या निष्ठेबद्दल

पुढचं वाचलं नाही.
पेढा चांगला होता, केशर जरा जास्त.
उद्या सहा वीसचं उड्डाण आहे,
धुकं नसेल तर.
टॉर्चचे सेल बदलायला हवेत.
ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.